छापायला दिलेलं कुठे अडलं?

रविवारी रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. "अगं, जरा खाली येतेस का? प्रिंटर हूं की चूं करत नाहीये, आणि उद्या अकराच्या आत कागद कोर्टात द्यायचेत."

आम्ही दिंडोशीला राहतो, नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीत. शहरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ मध्ये आला. त्याखालची अतिरिक्त जमीन बिल्डरांच्या घशात न जाता साध्या माणसांच्या घरांसाठी वापरली जावी म्हणून मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले, त्या झगड्यातून उभी राहिलेली ही घरं. दिंडोशीचं दिवाणी आणि सत्र न्यायालय इथून रिक्षाच्या किमान भाड्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे आमच्याकडे टायपिंग करणारी, मसुदे लिहून देणारी, नोटरीकडे धावणारी माणसं बरीच. काका त्यांतलेच. नोकरीत लघुलेखक होते, आता घरी बसून वकिलांची प्रतिज्ञापत्रं आणि अर्ज टाइप करून देतात.

त्यांचा संगणक दहा वर्षांचा, पण ठणठणीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था या जुन्या यंत्रात नाही. चांगला चालणारा संगणक भंगारात का घालायचा, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स मिंट ही मुक्त संगणक प्रणाली टाकून दिली. टायपिंग सुरळीत सुरू झालं, मराठी कळफलकही बसला. प्रिंटर मात्र एके दिवशी गप्प झाला. चार बाटल्यांतून शाई भरायची सोय असलेला इंक टँक प्रिंटर, यूएसबीच्या वायरने जोडलेला.

मी खाली गेले तेव्हा काकांनी करता येण्यासारखं सगळं करून पाहिलं होतं. प्रिंटर संगणकातून तीन वेळा काढून पुन्हा जोडला होता. संगणक पाच-सहा वेळा बंद-चालू केला होता. 'प्रिंट'वर तर किती वेळा टिचकी मारली याचा हिशेबच नव्हता. आपण सगळेच असं करतो. पण यातली एकही गोष्ट बिघाड शोधत नाही. बिघाड कुठे आहे हे ठाऊक नसताना केलेला उपाय बहुतेक वेळा आणखी एक बिघाड तयार करतो, आणि त्या रात्री तसंच झालं होतं.

दिंडोशी मेट्रो स्थानकावर आरेकडे जाणारी गाडी आलीच नाही, तर शहाणा माणूस कुरारला विचारतो, तिथून सुटली का? नसेल तर आकुर्लीला. छापायला दिलेला कागदही असाच स्थानकं घेत प्रिंटरपर्यंत जातो. लिबर ऑफिससारखा लिहिण्याचा प्रोग्राम आधी पानाचं पीडीएफ करतो. ते छपाईच्या रांगेत जमा होतं. रांगेतून ते गाळण्यांमधून जातं. या गाळण्या, म्हणजे फिल्टर, पानाचे बारीक ठिपके पाडतात आणि या विशिष्ट प्रिंटरला कळेल अशा भाषेत ते बसवतात. मग यूएसबीची वायर, आणि शेवटी प्रिंटरच्या आतलं हेड, शाई, कागद. 'प्रिंटर चालत नाही' या तीन शब्दांत यातलं कुठलं स्थानक ते कळतच नाही. मुक्त संगणक प्रणालीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की यातल्या प्रत्येक स्थानकाला तुम्ही थेट विचारू शकता आणि ते खरं उत्तर देतं.

सुरुवात वायरपासून केली, कारण तिथलं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं. टर्मिनल उघडून एलएसयूएसबी अशी आज्ञा द्यायची. आज्ञांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देते आहे, टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची. संगणकाला यूएसबीने जोडलेल्या प्रत्येक वस्तूची एकेक ओळ समोर येते. त्या ओळीत उत्पादकाचा एक ठरलेला क्रमांक असतो: एपसनचा ०४बी८, कॅननचा ०४ए९, एचपीचा ०३एफ०, ब्रदरचा ०४एफ९. प्रिंटरची ओळ दिसली तर वायर, वीज आणि यूएसबीचं भोक ठीक आहेत असं धरून पुढे जायचं. ओळच नसेल तर ड्रायव्हर शोधत बसण्यात काही अर्थ नाही. जी वस्तू संगणकाला दिसतच नाही, तिच्यासाठी कितीही सॉफ्टवेअर टाकलं तरी उपयोग नाही. अशा वेळी वायर बदलून बघायची, पुढच्या बाजूच्या भोकाऐवजी मागचं वापरायचं, मध्ये हब असेल तर तो काढायचा. यूएसबी २.० ची वायर ५ मीटरपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. प्रिंटर दुसऱ्या खोलीत ठेवण्यासाठी वायरला वायर जोडणाऱ्यांनी तो लक्षात ठेवायला हवा.

काकांच्या संगणकावर ओळ दिसली. म्हणजे कुरारहून गाडी सुटली होती.

आता रांग. लिनक्सवर छपाईची रांग कप्स नावाची व्यवस्था सांभाळते. मायकल स्वीट यांनी ती लिहायला घेतली आणि १९९९ मध्ये ती लोकांपुढे आली. त्याआधी युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींवर छपाई म्हणजे डोकेदुखी असायची, प्रत्येकीची रीत वेगळी. कप्सने इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, हा सर्वांना समान नियम धरला. मॅक संगणकांनीही २००२ पासून कप्स स्वीकारलं, २००७ मध्ये ॲपलने तिचे हक्कच विकत घेतले, आणि २०१९ च्या अखेरीस स्वीट ॲपलमधून बाहेर पडल्यावर ओपनप्रिंटिंग या मुक्त प्रकल्पाने ती पुढे नेली. २०२१ मध्ये आलेली २.४ ही आवृत्ती त्यांचीच. महागड्या मॅकवर आणि काकांच्या जुन्या डबड्यावर छपाईची रांग एकाच मुळाची आहे, हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा खुलला.

या रांगेला स्वतःचं पान आहे आणि ते पाहायला इंटरनेट लागत नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, मग अपूर्णविरामाचं चिन्ह म्हणजे कोलन, मग ६३१ असं लिहायचं. प्रिंटर, त्यांच्या रांगा, अडकलेली कामं, सगळं तिथे दिसतं. टर्मिनलची सवय असेल तर एलपीस्टॅट, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि टी, एवढ्यात हीच माहिती मिळते.

आम्ही पान उघडलं. एका प्रिंटरच्या तीन रांगा! पहिलीवर 'थांबलेली' असा शिक्का आणि मागे चौदा कामं खोळंबलेली. दुसरीवर एकच काम, त्यापुढे 'प्रिंटर उपलब्ध होण्याची वाट पाहत आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. तिसरी रिकामी.

पहिलीचं कारण साधं निघालं. दोन आठवड्यांपूर्वी केर काढताना वायर सैल झाली होती आणि त्याच वेळी एक पान छापायला गेलं होतं. कप्समध्ये प्रत्येक रांगेला एक धोरण असतं: प्रिंटरपर्यंत माल पोचला नाही तर काय करायचं? मूळ कप्समध्ये ठरलेलं धोरण असं, की रांग थांबवा आणि माणसाने सांगेपर्यंत सुरू करू नका. काही लिनक्स वितरणं त्याऐवजी 'पुन्हा प्रयत्न करा' हे धोरण ठेवतात. रांग थांबलेली असताना ती नवी कामं घेणं मात्र बंद करत नाही. काका प्रिंट देत राहिले, रांग निमूटपणे घेत राहिली. पडद्यावर कोपऱ्यात एखादी सूचना येऊन गेली असेलही, पण चष्मा कपाळावर असलेल्या माणसाला ती कशी दिसणार?

इथे एक काळजी घ्यायची. रांग 'पुन्हा सुरू करा' म्हणण्याआधी जुनी कामं रद्द करायची. नाहीतर अडकलेली चौदाही कामं एकापाठोपाठ बाहेर पडतात आणि त्यांत एकाच प्रतिज्ञापत्राच्या नऊ प्रती असतात. रद्द करण्याचं बटण त्याच पानावर असतं. ते संगणकाचं नाव-पासवर्ड विचारतं, घाबरायचं कारण नाही. नाव-पासवर्ड देऊनही नकार आला तर वापरणारा एलपीॲडमिन या गटात नाही एवढाच त्याचा अर्थ, प्रिंटरचा त्यात दोष नाही.

पण दुसऱ्या रांगेचं कोडं यापेक्षा खोल होतं. गेल्या काही वर्षांत लिनक्सवर यूएसबी प्रिंटरबाबत जी तक्रार मला वारंवार ऐकू येते ती हीच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

पूर्वी प्रत्येक प्रिंटरला त्याचा ड्रायव्हर लागायचा. कंपनीने तो लिनक्ससाठी दिला नाही तर स्वयंसेवकांनी लिहिलेल्या गुटेनप्रिंटसारख्या संग्रहात आपलं मॉडेल आहे का ते बघायचं, नसेल तर नशीब. मग २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं, म्हणजे फोनवर कुठलाही ड्रायव्हर न टाकता छपाई. एवढ्याशा फोनमध्ये हजारो प्रिंटरांचे ड्रायव्हर बसवणं शक्य नव्हतं. प्रिंटरनेच पुढे येऊन 'मी एवढे एवढे कागद घेतो, रंगीत छापतो, पाठपोट छापत नाही' असं सांगावं, ही त्यामागची कल्पना. तिच्या बुडाशी होतं ते कप्सने धरलेलं आयपीपीच. प्रिंटर बनवणाऱ्यांच्या संघटनेने पुढे आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुलं मानक केलं. फोनसाठी म्हणून कंपन्यांनी हे प्रिंटरात घातलं आणि त्याचा मोठा फायदा लिनक्सला झाला. आज दुकानात मिळणारे वायफायवाले प्रिंटर बहुतेक सगळे ही भाषा बोलतात.

वायफायवर हे सोपं आहे. यूएसबीच्या वायरवरून तीच भाषा बोलायची तर मध्ये एक दुभाषा लागतो, आयपीपी-यूएसबी नावाचा छोटा प्रोग्राम. प्रिंटरची वायर लागली की तो जागा होतो, प्रिंटरच्या यूएसबी दारावर ताबा घेतो आणि संगणकाला भासवतो की हा प्रिंटर जाळ्यावरचाच आहे. पुष्कळदा लोकलहोस्टच्या ६०००० या क्रमांकावर प्रिंटरचं स्वतःचं पानच ब्राउझरमध्ये उघडतं, शाईची पातळी वगैरे दाखवणारं. वायरने जोडलेला प्रिंटर ब्राउझरमध्ये बोलताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता. लिनक्स मिंटमध्ये २०२२ च्या २१व्या आवृत्तीपासून हा प्रोग्राम मुळातच बसवलेला येतो.

अडचण होते ती इथे. यूएसबीचं दार एका वेळी एकालाच मिळतं. दुभाष्याने ताबा घेतला की जुन्या पद्धतीच्या, कंपनीचा ड्रायव्हर वापरून थेट यूएसबीवर जाणाऱ्या रांगेला दार बंद मिळतं. ती दाराबाहेर उभी राहून वाट पाहत राहते. प्रिंटर चालू आहे, वायर नीट आहे, एलएसयूएसबीत ओळ दिसते, ड्रायव्हर बरोबर मॉडेलचा आहे, आणि तरीही 'प्रिंटर उपलब्ध होण्याची वाट पाहत आहे'. भाच्याने सद्भावनेने कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून दुसरी रांग केली होती. तिसरी रांग दुभाष्याच्या मार्गाने आपोआप तयार झालेली होती आणि एकटी तीच चालण्यासारखी होती. पण संगणकाची ठरलेली रांग पहिली, म्हणून प्रत्येक पान तिच्याकडेच जात होतं.

उपाय एकच, दोनांतला एक मार्ग धरा. आपोआप तयार झालेल्या रांगेतून हवं तसं छापून येत असेल तर बाकीच्या रांगा काढून टाका आणि तीच ठरलेली करा. बहुतेकांना हे पुरतं. काही प्रिंटरांत मात्र या मार्गाने एखादी सोय दिसत नाही, फोटोसाठीचा जाड कागद किंवा हेड साफ करण्याची आज्ञा, किंवा प्रिंटर जुना असल्याने ही भाषा अर्धवट बोलतो. मग उलट करा: आयपीपी-यूएसबी हे पॅकेज काढा, वायर काढून पुन्हा लावा आणि ड्रायव्हरची रांग वापरा. मिंटच्या प्रकाशनासोबतच्या टिपांतही हाच सल्ला आहे. दोन्ही मार्ग चालू ठेवून मधूनमधून छापून येईल या आशेवर राहू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात लोकांच्या रात्रीच्या रात्री जातात.

आम्ही पहिल्या दोन रांगा काढल्या, तिसरी ठरलेली केली आणि चाचणीचं पान पाठवलं. प्रिंटर खडखडला, कागद ओढला.

काकांच्या घरी गाळणीचं स्थानक अडलेलं नव्हतं, पण इतरांकडे अडतं, म्हणून दोन शब्द. 'फिल्टर फेल्ड' असा संदेश आला की पान ठिपक्यांत बदलताना काहीतरी तुटलं असं समजायचं. कधी ड्रायव्हरचा एखादा भाग बसलेला नसतो. एचपीच्या काही मॉडेलांना मुक्त ड्रायव्हरशिवाय कंपनीचा एक बंदिस्त पूरक भागही वेगळा उतरवावा लागतो. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांवर तर कंपनीचा ड्रायव्हर पुष्कळदा चालतच नाही, कारण तो वेगळ्या प्रोसेसरसाठी बनवलेला असतो. कधी दोष त्या एकाच पीडीएफमध्ये असतो. म्हणून दोन ओळींची साधी मजकुराची फाइल छापून बघावी. ती छापली गेली तर प्रिंटरवर शंका नको. आणि काहीच उमगेना तर कप्सची नोंदवही आहे. व्हार या फोल्डरात लॉग, त्यात कप्स, त्यात एरर अंडरस्कोर लॉग ही फाइल. प्रत्येक पानाचा प्रवास ती लिहून ठेवते. एरवी थोडक्यात लिहिते, सांगितलं तर सविस्तर. वाचायला रुक्ष आहे, पण शेवटच्या वीस ओळींत बहुधा नेमका शब्द सापडतो आणि तो शब्द हातात असला की मदत मागणंही सोपं जातं.

प्रिंटरने काय अडलं ते माणसाला सांगावं, या अपेक्षेचा इतिहास मोठा आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेसर प्रिंटर भेट दिला. कागद त्यात अडकायचा. आधीच्या प्रिंटरवर रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सुधारणा केली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा, मग कुणीतरी उठून तो काढायचं. नव्या प्रिंटरलाही तसंच करावं असं त्यांनी ठरवलं, पण त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर कंपनीने दिलेला नव्हता. तो ज्याच्याकडे होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने, मी गुप्ततेचा करार केला आहे, असं सांगून नकार दिला. तो नकार स्टॉलमन यांच्या मनाला लागला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि वापरणाऱ्याला प्रोग्राम वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क असावा ही चळवळ सुरू झाली. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांचा लिनक्स हा गाभा आला आणि ग्नूची साधनं त्याच्याशी जोडली गेली. काकांच्या टेबलावरच्या प्रणालीच्या मागे एक अडकलेला कागद आहे, हे मी विसरू शकत नाही.

आणि ही प्रणाली न्यायालयाच्या अंगणातही परकी राहिलेली नाही. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण स्वीकारलं, न्यायाधीशांच्या संगणकांसाठी उबुंटू लिनक्स निवडलं. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणालीही मुक्त साधनांवर उभी आहे आणि ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्याच्या चमूने घडवली.

चाचणीचं पान बाहेर आलं आणि काकांचा चेहरा पुन्हा उतरला. काळ्या अक्षरांत आडव्या पांढऱ्या रेषा, निळा रंग जवळजवळ गायब. आता संगणकाचं काम संपलं होतं. दोष शेवटच्या स्थानकावर, शाईत होता. ही सीमारेषा ओळखण्याची एक खात्रीची युक्ती आहे: यूएसबीची वायर काढून टाका आणि प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून छिद्रतपासणीचं पान छापा. पुष्कळ प्रिंटरांत चालू करतानाच एखादं बटण दाबून धरलं की ते निघतं, पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यातही रेषा तुटक आल्या तर लिनक्सला दोष देऊ नका.

इंकजेटच्या हेडमध्ये केसाहून बारीक छिद्रांच्या ओळी असतात. प्रत्येक छिद्रातून काही पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या लाख-कोटीव्या हिश्शांत मोजायचा थेंब उडतो. थेंब उडवायच्या दोन रीती. कॅनन आणि एचपी शाईला क्षणभर तापवून बुडबुडा करतात, तो थेंब ढकलतो. एपसन वीज दिल्यावर वाकणारा स्फटिक वापरतं, तो पिचकारीसारखा शाई दाबतो. रीत कुठलीही असो, छिद्राच्या तोंडाशी शाई वाळली की ते बुजतं, दुकानदारांच्या भाषेत 'हेड चोक' होतं.

म्हणून प्रिंटर बंद करताना हेड उजव्या किंवा डाव्या टोकाला जाऊन एका रबरी टोपीवर बसतं. ती टोपी छिद्रांना हवेपासून वाचवते. पण हे खात्रीने होतं ते प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून तो बंद केला तरच. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची पद्धत आहे. वीज वाचते, मनाला बरं वाटतं. मात्र हेड त्या क्षणी वाटेत असेल तर तिथेच उघडं राहतं. मुंबईच्या मे महिन्यात बंद खोलीत पंधरा दिवस असं राहिलं की शाईची खपली धरते. काकांची सवय हीच होती.

हेड साफ करण्याची आज्ञा एकदा दिली, रेषा थोड्या भरल्या. दुसऱ्यांदा दिली, काळा पूर्ण आला. तिसऱ्यांदा द्यायला काकांचा हात शिवशिवत होता, मी थांबवलं. प्रत्येक सफाईत चांगली शाई ओढली जाते आणि ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत जाऊन मुरते. ती गादी भरली की प्रिंटर काम नाकारतो. दोन-तीनदा साफ करूनही फरक नसेल तर काही तास, शक्यतो रात्रभर, तसंच ठेवावं. आतली हवा बसते, खपली मऊ पडते, आणि सकाळी पुष्कळदा एकाच सफाईत रंग परत येतात. निळ्या रंगाची सोमवारी कोर्टात कुणाला गरज नव्हती.

एक गोष्ट पावसाळ्याबद्दल. दिंडोशीच्या एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा अशी दमट, की उघड्या रिमचे कागद कडांना लाटेसारखे वळतात, दोन-दोन चिकटून आत जातात आणि अडकतात. रिम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा आणि लागतील तेवढेच कागद प्रिंटरात घाला. याला कुठलाही ड्रायव्हर लागत नाही.

कागदाच्या मापाचा घोळ मात्र संगणकातला आहे आणि कोर्टाचं काम करणाऱ्यांना तो हमखास भेटतो. ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर. अमेरिकी लेटर २१६ गुणिले २७९. वकिलांच्या पिढ्यांनी वापरलेला लीगल २१६ गुणिले ३५६. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए४ आणि पाठपोट छपाई स्वीकारली, तरी वकिलांच्या कपाटांत ए४ आणि लीगल अशा दोन्ही मापांचे गठ्ठे असतात. लिनक्स बसवताना भाषा 'इंग्रजी, अमेरिका' निवडली तर ठरलेला कागद लेटर होतो. मग ए४ पानाच्या तळाच्या १८ मिलिमीटरचं काय होतं? एक तर सही करायची ओळ कापली जाते, नाहीतर सगळं पान किंचित आक्रसून येतं आणि समास बिघडतो. काही नवे प्रिंटर तर लेटर कागद घाला म्हणून दिवा लुकलुकवत थांबून राहतात, आपल्याला वाटतं बिघडला. लिहिण्याच्या प्रोग्रामात, छपाईच्या खिडकीत आणि कप्सच्या रांगेत, अशा तिन्ही जागी माप एकच हवं. काकांकडे पहिल्या दोन जागी ए४ होतं, तिसऱ्या जागी लेटर.

शेवटी मराठी. काकांकडे एका वकिलाने पाठवलेला जुना अर्ज होता. पडद्यावर अगम्य रोमन अक्षरं आणि चिन्हं, छापूनही तशीच. हा मजकूर युनिकोडच्या आधीच्या काळातला, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला. त्या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, म्हणून तो फाँट नसेल तर खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. प्रिंटरचा, लिनक्सचा यात काही संबंध नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यायचा. उलट युनिकोडमधलं मराठी लोहित किंवा नोटो यांसारख्या मुक्त फाँटांत उत्तम छापलं जातं, जोडाक्षरांसकट. जोडाक्षर पडद्यावर नीट आणि कागदावर तुटलेलं दिसलं, तर आधी त्या पानाचं पीडीएफ करून उघडून बघा. पीडीएफमध्येच तुटलेलं असेल तर दोष लिहिण्याच्या प्रोग्रामात. पीडीएफमध्ये नीट असेल तर पीडीएफफाँट्स ही आज्ञा त्या फाइलवर चालवा. फाँट पीडीएफच्या पोटात घातलेला आहे की नाही ते ती सांगते. घातलेला नसेल तर पुढचं प्रत्येक यंत्र आपल्याकडचा कुठला तरी फाँट लावून अंदाजाने छापणार.

हे सगळं शिकायला इंग्रजी पुस्तिकाच वाचाव्या लागतात असं नाही. आरे ओलांडून गेलं की पवईला आयआयटी आहे. तिथे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे दृक्‌श्राव्य धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत मिळतात. उबुंटूवर प्रिंटर जोडण्याचाही धडा त्या मालिकेत आहे. काकांच्या वयाच्या माणसाला वाचण्यापेक्षा बघून करणं सोपं जातं, म्हणून मी त्यांना तो लावून दिला.

पावणेबाराला अकरा पानांचं प्रतिज्ञापत्र ए४ वर, सहीच्या ओळीसह पूर्ण बाहेर आलं. काकांनी पानं उजेडात धरून एकेक तपासली. मग एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर त्यांनी लघुलेखकाच्या शिस्तीने लिहून घेतलं: वायर दिसते का, रांग थांबली आहे का, रांगा किती, वायर काढून पान नीट येतं का, कागदाचं माप काय. तो लिफाफा प्रिंटरच्या बाजूला चिकटपट्टीने लावला.

मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी सवयीने बोर्डाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. प्रिंटरचं बटण दाबलं. हेड सरकत जाऊन टोपीवर बसल्याचा खट्ट आवाज आला, दिवा विझला, आणि मग त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.